मधपेटीचा पावसाळा वसंतात ठरतो

परसात किंवा गच्चीवर एखादी मधपेटी ठेवावी असे मनात आले, की माणूस आधी पुस्तके चाळतो, मग चित्रफिती पाहतो. यांतला मोठा भाग इंग्लंड-अमेरिकेतून आलेला असतो आणि तिथल्या मधपाळाचे वर्ष वसंतात सुरू होते. बर्फ वितळते, महिनोन्‌महिने एकमेकींना बिलगून, साठवलेला मध खाऊन तगलेल्या माश्या बाहेर पडू लागतात, मधपाळ झाकण उघडतो आणि किती वाचल्या ते पाहतो. मधाचा मुख्य हंगाम त्यानंतर, उन्हाळ्यात. इंग्लंडातल्या एका पेटीला हिवाळा काढायला साधारण 20 किलो मध लागतो, पण तो जमवायला वसंतानंतर अख्खा उन्हाळा हाताशी असतो. एप्रिलमध्ये काही चुकले तर ते जुलैपर्यंत भरून निघते. सह्याद्रीच्या रांगांत आणि कोकणात हेच वेळापत्रक जसेच्या तसे उचलले, तर पेटीचे हाल होतात. आपल्याकडे माश्यांच्या उपासाचा काळ पावसाळा आहे, आणि वसंत हा फुलांच्या हंगामाचा शेवटचा, सगळ्यात भरघोस टप्पा आहे. त्यानंतर भरपाईला काही उरत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की फाल्गुनापासून वैशाखापर्यंत पेटीशी जे जे करायचे, अगदी मध काढण्यासकट, ते आषाढ-श्रावणाचा हिशेब मांडूनच करायला हवे.

इथे बोलणे सातेरी मधमाशीबद्दल आहे. आग्या माशी उंच झाडावर किंवा कड्याला उघड्यावर एकच भलेमोठे पोळे लटकवते, फुलोरी झुडपात तळहाताएवढे पोळे बांधते. या दोघींना पेटीत कोंडता येत नाही. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत, अंधारात एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधते. ही तिची सवयच पेटीला उपयोगी पडते. दोन पोळ्यांमध्ये माश्या नेमकी किती फट मोकळी सोडतात, हे ओळखून लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्याने हलत्या चौकटींच्या पेटीचे पेटंट 1852 मध्ये घेतले. पुढे गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी आपल्या लहान चणीच्या माशीला मानवेल अशी छोटी पेटी बनवली. आज परसात दिसणाऱ्या पेट्या बहुतेक त्याच घराण्यातल्या. खालच्या कप्प्यात राणी, अंडी, अळ्या आणि घरखर्चाचा मध. वर बुटक्या चौकटींची मधकोठी. हा खालचा-वरचा भेद ध्यानात ठेवायला हवा, पुढचा सगळा वाद त्याच्यावरच आहे.

घाटमाथ्याच्या जंगलात आणि त्याच्या कुशीतल्या गावांत मार्चपासून जांभूळ फुलू लागते, अंजनीला जांभळा बहर येतो, एप्रिल-मेमध्ये हिरडा आणि गेळा येतात. परसातही याच सुमारास शेवगा, लिंबू, कढीपत्ता, करंज यांची ये-जा चालू असते. महाबळेश्वरच्या परिसरात मधपाळांची जुनी परंपरा टिकली ती याच झाडांच्या जोरावर, आणि 2022 मध्ये त्याच भागातले मांघर ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले त्यामागेही हीच वनसंपत्ती आहे. पण त्याच महाबळेश्वरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. संततधारेत माशी उडत नाही. उघडीप मिळाली तरी फुलातला रस पाण्याने धुऊन गेलेला असतो आणि परागकण भिजलेले. बर्फातल्या माश्यांना निदान एक सोय असते: थंडीत राणी अंडी घालणे जवळजवळ थांबवते, खाणारी तोंडे वाढत नाहीत. आपला पाऊस उबदार असतो. राणी अंडी कमी करते, पण पूर्ण थांबेलच असे नाही, आणि अळ्यांच्या भोवतीचे तापमान 34-35 अंशांवर राखण्यासाठी कामकरी माश्यांना मध जाळावाच लागतो. ओल, बुरशी, मुंग्या यांचा त्रास वेगळाच.

आता थोडे गणित करू, कारण या विषयातला खरा पुरावा दिनदर्शिकेत आहे. सातेरीच्या कामकरी माशीला अंड्यापासून बाहेर यायला सुमारे 18 ते 20 दिवस लागतात. बाहेर आल्यावर ती लगेच फुलांवर जात नाही. घराची झाडलोट, अळ्यांना भरवणे, मेण पाझरून पोळे बांधणे, दारावर पहारा अशी घरातली कामे करण्यात तिचे दोन-तीन आठवडे जातात, मग ती रस आणायला निघते. म्हणजे अंडे घातल्यापासून कमावती माशी तयार होईपर्यंत जवळजवळ 40 दिवस. जांभूळ ऐन भरात असताना, समजा 1 एप्रिलला, रस आणणारी माशी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अंडे होती. त्या वेळी राणीला अंडी घालायला मोकळी, स्वच्छ पोळी मिळाली नसतील, तर एप्रिलमध्ये झाड फुलून काही उपयोग नाही. रस आहे, आणणारी नाही. हेच गणित पुढच्या टोकाला लावले की चित्र उलटते. 20 एप्रिलला घातलेल्या अंड्यातली माशी मेच्या अखेरीस कमवायला निघेल, तोवर हिरडा-गेळ्याचा बहर ओसरलेला आणि ढग भरून आलेले. पण एप्रिलात रस भरपूर येत असतो म्हणून राणी ऐन जोरात अंडी घालत असते. परिणामी मेमध्ये पेटी सगळ्यात जास्त भरलेली, सगळ्यात श्रीमंत दिसते आणि नेमक्या त्याच वेळी तिच्यात पुढे कमाई न करता खाणाऱ्या माश्यांची संख्या सर्वांत मोठी असते. भरलेली पेटी पाहून मधपाळाचा हात मधाकडे जातो, यात त्याचा लोभ कमी आणि हिशेबाची गल्लत जास्त आहे.

या गणितातून पहिली गोष्ट निघते ती अशी, की वसंताची तयारी वसंतात करून चालत नाही, माघातच हात घालावा लागतो. जानेवारीच्या अखेरीस ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत एकदा उन्हाच्या वेळी पेटी उघडून राणी अंडी घालते आहे की नाही ते पाहावे. राणी दिसलीच पाहिजे असे नाही. घरांच्या तळाशी उभी चिकटलेली पांढरी अंडी दिसली तरी ती तीन दिवसांपूर्वीपर्यंत जागेवर होती हे कळते. फार जुनी, काळी पडलेली पोळी बाजूला सारून एकेक काढून टाकावीत. सातेरीची एक खोड अशी की तिला जुनी पोळी आवडत नाहीत. ती स्वतःच ती कुरतडते आणि तो मेणाचा भुगा पेटीच्या तळावर साचतो. त्या भुग्यात मेणकिड्याची पतंगी अंडी घालते, अळ्या पोळ्यांत बोगदे पाडतात, आणि त्रास असह्य झाला की सातेरी सरळ घर सोडून निघून जाते. तळफळी दर आठ-दहा दिवसांनी पुसणे हे काम इतके क्षुल्लक आहे की कुणी त्याबद्दल लिहीत नाही. माझ्या मते परसातल्या पेट्या ओस पडण्यामागे मोठ्या रोगांपेक्षा हा न पुसलेला तळ जास्त वेळा असतो. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणे हेही याच जातीचे काम. मुंग्यांना सातेरी फार वेळ तोंड देत नाही.

दुसरी गोष्ट जरा वादाची आहे. खाणे मुबलक झाले आणि घर गच्च भरले की वसाहत फुटते. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या टरफलासारखे लोंबणारे राणीचे कोश दिसू लागतात, त्याआधी नरांची टोपण लावलेली घरे वाढतात (सातेरीच्या नराच्या टोपणाला मधोमध बारीक छिद्र असते, त्यावरून ती ओळखू येतात). मग एके दिवशी सकाळी जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्या घेऊन बाहेर पडते आणि जवळच्या फांदीला घोस बांधते. यावर अनेक निसर्गप्रेमी म्हणतात, की हे तर तिचे नैसर्गिक पुनरुत्पादन आहे, त्यात आपण ढवळाढवळ का करावी? जंगलात हा युक्तिवाद पूर्ण मान्य आहे. परसात तो दोन कारणांनी लंगडा पडतो. एक तर गावात आणि शहरात ढोलीची झाडे आपण तोडून ठेवली आहेत. सुटलेला थवा शेवटी शेजाऱ्याच्या मीटरच्या पेटीत किंवा खिडकीच्या वरच्या पोकळीत बसतो आणि तिथे त्याचे स्वागत फवारणीने होते. दुसरे, मागे उरलेल्या पेटीची दिनदर्शिका बिघडते. कोश बंद झाल्यापासून नवी राणी बाहेर यायला आठवडाभर, तिचे मीलन-उड्डाण होऊन अंडी सुरू व्हायला आणखी दीडएक आठवडा, त्या अंड्यांतून पहिली कामकरी यायला सुमारे 20 दिवस. कोश बंद होण्यापासून नव्या माश्या येईपर्यंत सरासरी 35-40 दिवस जातात. मार्चच्या सुरुवातीला हे घडले तर नवी पिढी एप्रिलच्या मध्याला तयार होते आणि मेअखेरपर्यंत वसाहत सावरते. एप्रिलच्या अखेरीस घडले तर तिला सावरायला फुलेच उरत नाहीत.

म्हणून थवा सुटण्याची वाट न पाहता मधपाळाने स्वतःच वसाहत वेळेत वाटावी, हे बरे. कोश दिसले की अर्ध्या चौकटी, त्यांवरच्या माश्या, थोडा मध आणि परागकण जुन्या राणीसह दुसऱ्या पेटीत हलवायचे. मूळ पेटीत एखादा चांगला कोश ठेवून बाकीचे काढायचे. कमावत्या माश्या सवयीने जुन्या जागी परत येतात, त्यामुळे दोन्ही पेट्या जुन्या जागेच्या डाव्या-उजव्या बाजूला ठेवून परतणाऱ्यांची वाटणी करावी, नाहीतर नव्या पेटीत घरकाम करणाऱ्याच तेवढ्या उरतील. फक्त कोश तोडत बसण्याचा मार्ग काही जण सांगतात, पण सातेरी हट्टी आहे, ती पुन्हा पुन्हा कोश बांधते आणि एखादा नजरेतून सुटला की गेली. वाटणीला विरोध असा होतो, की त्यामुळे त्या वर्षीचा मध घटतो. घटतोच. ऐन बहरात दोन अर्धी घरे एका भरल्या घराइतका रस आणत नाहीत. ज्याला एकच पेटी हवी आहे त्याने मार्चच्या मध्यानंतर वाटणी टाळावी, राणीला आणि मधाला वेळेवर जागा वाढवून द्यावी, मधकोठी भरण्याआधीच चढवावी, पेटीवर सावली करावी. गर्दी आणि उकाडा कमी झाला की फुटण्याची ओढही बरीच कमी होते. पण मार्चच्या मध्यानंतर केलेली वाटणी पावसात दोन मेलेल्या पेट्या देऊ शकते, हे दिनदर्शिका स्पष्ट सांगते.

आता मधाचे. खालच्या कप्प्यातला मध कधीही काढायचा नाही, हा नियम सगळे सांगतात आणि तो पुरेसा नाही. वरच्या कोठीतला मध किती वेळा आणि कधी काढायचा, यावर पावसाळा ठरतो. फुलांचा बहर ऐन भरात असेपर्यंत, म्हणजे साधारण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, कोठी भरली तर काढायला हरकत नाही, कारण रिकामी पोळी परत दिल्यावर माश्या ती पुन्हा भरू शकतात. त्यानंतर जे साठेल ते त्यांचे. मे महिन्यात शेवटचा एक हात मारण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, तिथेच घोटाळा होतो. वेळेइतकाच महत्त्वाचा मुद्दा पिकण्याचा आहे. माश्यांनी घरांवर मेणाचे टोपण घातले म्हणजे मध पिकला. टोपणाआधी काढलेल्या मधात पाणी जास्त असते आणि तो आंबतो. आपल्या अन्नसुरक्षा मानकांनुसार मधात 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही. कोकणातल्या दमट हवेत ते साधणे आधीच कठीण असते, मेमध्ये वळिवाचे ढग आल्यावर तर फारच. म्हणजे उशिरा काढलेला मध माश्यांच्या तोंडचा जातो आणि माणसाच्या बाटलीतही टिकत नाही.

यावर सगळ्यात व्यवहारी आक्षेप साखरेचा. मध विकला तर किलोला साखरेच्या कितीतरी पट पैसे मिळतात. मग मध घ्यावा आणि पावसाळ्यात साखरेचा पाक पाजावा, यात बिघडले काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुबळी वसाहत वाचवायला पाक द्यावाच लागतो आणि देशभरचे व्यापारी मधपाळ तो देतात. पण पाक हा फक्त उष्मांक देतो. अळ्या वाढतात त्या परागकणांतल्या प्रथिनांवर, आणि साखर ती देत नाही. शिवाय पाक पाजायचा म्हणजे भर पावसात दर काही दिवसांनी पेटी उघडायची, ऊब घालवायची, गोड वासाने मुंग्या बोलवायच्या, शेजारच्या सशक्त पेटीतल्या माश्यांना लुटीचे आमंत्रण द्यायचे. उरलेला पाक माश्या पोळ्यात साठवतात आणि शरदातल्या मधात तो मिसळतो; विकणाऱ्याने भेसळ केली नाही तरी मधात साखर उतरते. परसातला मधपाळ नोकरी-धंदा सांभाळून हे करतो. जुलैत आठ दिवस गावाला गेला की पाकाची योजना कोसळते, पोळ्यातला मध मात्र जागेवर असतो. पाक हा संकटातला आधार म्हणून ठेवावा, त्याच्या भरवशावर मे महिन्याचा मध काढू नये, इतकाच माझा आग्रह आहे.

मग प्रश्न येतो, की सातेरी वर्षाला देते 5 ते 10 किलो, त्यातलाही वाटा पावसासाठी सोडायचा, तर पेटी ठेवायचीच कशाला? मेलिफेरा ही युरोपी माशी याच्या कितीतरी पट देते. 1962 नंतर कांगडा भागातल्या नगरोट्यात तिचे पालन भारतात पहिल्यांदा यशस्वी झाले आणि पंजाब-हरियाणात तिने मधाचा उद्योगच उभा केला. पण तो उद्योग फुलांच्या मागे पेट्या हलवण्यावर चालतो: मोहरीच्या शेतातून निलगिरीत, तिथून सूर्यफुलात. परसातली पेटी ट्रकवर चढत नाही. एका जागी बांधलेल्या मेलिफेराला मोठा कुटुंबकबिला पोसायला सतत भरपूर फुले लागतात, घाटातल्या पावसात तिला साखरेवरच जगवावे लागते, आणि व्हरोआ या परजीवी कोळी-किडीवर औषधोपचार करत राहावे लागतात. व्हरोआ मुळात सातेरीचीच पाहुणी. तिच्यासोबत असंख्य पिढ्या काढल्यामुळे सातेरी ती अंगावरून झटकते आणि तिचे फारसे चालू देत नाही. सातेरी अजिंक्य आहे असेही नाही. 1991 च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणूची साथ दक्षिणेत पसरली आणि केरळ, कर्नाटक, तमिळनाडूतल्या बहुसंख्य सातेरी वसाहती काही वर्षांत संपल्या. अळ्या घरात डोके वर करून मरतात, उचलल्या तर पाण्याच्या पिशवीसारख्या निघतात. त्यावर औषध नाही. ज्या वसाहती सशक्त आणि खाऊनपिऊन सुखी असतात त्या बऱ्याचदा तरतात, म्हणजे गाडी पुन्हा शिल्लक मधावरच येते. आणि परसाच्या मालकाला काकडी, दोडका, भोपळा, लिंबू, नारळ यांच्या फळधारणेत जो वाटा मिळतो, तो बाटलीत मोजता येत नसला तरी खरा असतो.

हे सगळे घाट आणि कोकण धरून लिहिले आहे, आणि देशावर ते तसेच लागू होणार नाही. सोलापूरकडे पाऊस माश्यांना कोंडून ठेवण्याइतका लागत नाही. उलट पावसाळ्यात मका, बाजरी परागकण देतात, पुढे कारळे, तूर येते. तिथे खरी टंचाई एप्रिल-मेच्या उन्हात पडते, कडुनिंबाचा बहर सरला की. 42-44 अंशांत मध भरलेली पोळी मऊ पडून कोसळू शकतात, माश्या रसाऐवजी पाणीच वाहून आणतात, पंख हलवून घर थंड ठेवतात. तिथल्या पेटीला मार्चपासून दाट सावली, वर ओले पोते आणि दहा-पंधरा पावलांवर खडे घातलेली पाण्याची परात हवी, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पण तत्त्व तेच राहते: आपल्या गावाचा उपासाचा महिना कोणता हे आधी ठरवायचे आणि त्याच्या आधी 40-50 दिवस मधाला हात लावायचा नाही. पुस्तकातला महिना उचलण्यापेक्षा गावातल्या झाडांची नोंद वर्षभर ठेवणे हा जास्त भरवशाचा मार्ग आहे. कोणते झाड कधी फुलले आणि त्यावर माशी खरोखर बसली का, एवढेच लिहायचे. आंब्याच्या मोहोरावर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांना मग कळते की तिथे मधमाश्यांइतक्याच किंवा जास्त घरमाशीच्या जातीच्या माश्या असतात.

घाट-कोकणातल्या पेटीचे वसंतातले शेवटचे काम मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येते, आणि तेही पुढे पाहून करायचे. ज्या चौकटींवर माश्या बसत नाहीत त्या काढून बंद डब्यात ठेवायच्या, म्हणजे मेणकिड्याला राखण नसलेले पोळे मिळत नाही. दोन दुबळ्या वसाहती असतील तर एकीची कमजोर राणी काढून मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून त्या एकत्र करायच्या. माश्या कागद कुरतडेपर्यंत वास एकमेकींत मिसळतो आणि मारामारी टळते. भरलेली मधकोठी माश्यांच्या संख्येला पेलत असेल तर तशीच वर राहू द्यायची, नाहीतर तिच्यातली टोपण लावलेली पोळी कापून खालच्या चौकटींत बांधायची. दार बोटभर अरुंद करायचे, पेटीला पुढे थोडा उतार द्यायचा म्हणजे पाणी आत मुरत नाही, छपरावर पत्रा दाबून बांधायचा. त्यानंतर पेटी हाताने मागून किंचित उचलून वजनाचा अंदाज घेत राहायचे आणि ती हलकी लागली तरच उघडायची.